ट्रॅक्टरवरची लाकूड ओढायची विंच: निवडायची कशी, चालवायची कशी

उतारावर तोडलेलं लाकूड गाडीरस्त्यावर आणायचं म्हटलं की आपल्याकडे माणसांचे खांदे, बैलजोडी, चेनकप्पी नाहीतर ट्रॅक्टरच्या हुकाला बांधलेली साखळी, एवढेच पर्याय समोर येतात. गडचिरोलीच्या कमलापूर कॅम्पातले हत्ती एकेकाळी हेच काम करायचे. यातला साखळीचा मार्ग सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात घातकही तोच आहे. ओंडका खुंटाला अडकतो, ड्रायव्हर ईर्ष्येने रेस देऊन क्लच सोडतो, पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. साखळी टॉप लिंकला, म्हणजे अवजार वरून धरणाऱ्या दांड्याला, किंवा मागच्या ॲक्सलच्या वर कुठे बांधली असेल, तर सावरायला वेळही मिळत नाही.

विंचचं गणित याच्या उलट आहे. ट्रॅक्टर रस्त्यावर जागचा हलत नाही. मागे बसवलेल्या ड्रमवरचा वायररोप खाली रानात जातो आणि ओंडका वर येतो. नॉर्वेची इगलँड, फिनलंडची फार्मी, स्लोव्हेनियाच्या ताइफुन, कर्पान आणि युनिफॉरेस्ट ही या यंत्रातली जुनी नावं. स्लोव्हेनियाचा निम्म्याहून जास्त भाग जंगलाचा, बराचसा डोंगराळ, आणि त्यातलं पुष्कळ जंगल छोट्या शेतकऱ्यांच्या मालकीचं. त्यामुळे घरच्या ट्रॅक्टरला मागे लावता येईल असं हे यंत्र तिथे रुजलं. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या उताराच्या जमिनीत साग, ॲकेशिया, निलगिरी लावणाऱ्यांची अडचण फार वेगळी नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या बागांमध्ये आडव्या पडलेल्या आंब्या-फणसांनी तर ती सगळ्यांनाच दाखवली.

यंत्राकडे वळण्याआधी कागदाचं बघून घ्या. झाड आपल्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत असलं, तरी साग, आंबा, फणस, खैर, हिरडा, ऐन अशा अनुसूचित झाडांना 1964 च्या महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियमाखाली परवानगी लागते, आणि लाकूड बाहेर न्यायचं तर वाहतूक परवाना वेगळा. तुमच्या झाडाला नेमकं काय लागू होतं, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. वादळात पडलेल्या झाडाचंही आधी विचारावं, पंचनामा होईपर्यंत हात लावू नये.

आधी ओंडक्याचं वजन काढा

नवखा माणूस दुकानात जाऊन विचारतो, “किती टनाची आहे?” हा प्रश्न शेवटचा. आधी आपला सगळ्यात जड ओंडका किती किलोचा, ते काढायचं.

वखारीत लाकूड मोजतात तीच रीत इथे कामाला येते. ओंडक्याच्या मध्यावर घेर इंचात मोजा, त्याला 4 ने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, त्याला फुटातल्या लांबीने गुणा आणि 144 ने भागा. 48 इंच घेर आणि 10 फूट लांबीचा ओंडका या मापाने 10 घनफूट भरतो. आता गंमत अशी, की हे वखारीचं माप खऱ्या घनफळापेक्षा साधारण 21 टक्के कमी येतं. व्यापाराला ते चालतं, विंचला चालत नाही. म्हणून वजनासाठी सरळ हिशेब धरा: वखारीच्या मापाचं 1 घनफूट म्हणजे ताज्या, ओल्या लाकडाचे सुमारे 36 किलो. वरचा ओंडका झाला साडेतीनशे-पावणेचारशे किलोचा. वाळलेलं लाकूड हलकं असतं, पण हिशेब ओल्याचाच करावा. 72 इंच घेराचा, 15 फुटी आंबा याच रीतीने बाराशे किलोंच्या पुढे जातो. असा ओंडका अख्खा ओढायचा हट्ट कशाला? करवतीला हवे त्या लांबीचे दोन तुकडे करा. बऱ्याच वेळा मोठ्या विंचची गरज इथेच संपते.

वजन कळलं की ओढ काढायची. सपाट, बऱ्यापैकी साफ जमिनीवर ओंडका घसटत आणायला त्याच्या वजनाच्या अर्धी ते पाऊण ओढ लागते. चढ असेल तर वजनाएवढी धरा. ओंडक्याचं नाक चिखलात रुतलं किंवा दगडाला टेकलं, तर हिशेबाला अर्थ राहत नाही, मग विंच थांबवून माणसानेच वाट काढायची असते.

दुसरी गोष्ट विक्रेता आपण होऊन सांगत नाही. विंचवर लिहिलेली ओढ ही ड्रम जवळजवळ रिकामा असतानाची, म्हणजे दोराच्या पहिल्या थरावरची असते. ड्रम भरत जातो तसा त्याचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. भरल्या ड्रमवर ती दोन-तृतीयांशावर आलेली असू शकते. ओंडका रस्त्याजवळ येतो तेव्हा नेमका ड्रम भरलेला असतो, आणि रस्त्याच्या कडेचा शेवटचा चढही तिथेच असतो. तर 4 टनांची विंच हिशेबात पावणेतीन टनांची धरा. एक टनाच्या आतल्या ओंडक्यांना तीही भरपूर आहे.

मग ट्रॅक्टरकडे बघा

विंचची ओढ ट्रॅक्टरच्या वजनाला झेपली पाहिजे. 3 ते 4 टनी विंच स्वतःच 200 ते 300 किलोची असते आणि हे सगळं वजन मागच्या चाकांच्याही मागे लटकतं. 24-28 एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरला, जो काजूच्या बागेत छान फिरतो, 3 टनांच्या आसपासची विंच पुरे. 40 ते 50 एचपीच्या नेहमीच्या ट्रॅक्टरला 4 टनी बरी. 50 च्या वर गेलात तर 5-6 टनांचा विचार करा, तोही खरंच तसं लाकूड असेल तर. हलक्या ट्रॅक्टरला मोठी विंच लावली की ओंडका जागेवर राहतो आणि ट्रॅक्टर त्याच्याकडे ओढला जातो.

ट्रॅक्टरच्या पुढे लावायच्या जादा लोखंडी वजनांचे पैसे विंचबरोबरच बाजूला काढा. स्टिअरिंग हातात राहायला ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या ॲक्सलवर हवा. विंच उचलून ट्रॅक्टर चढावर घातला आणि स्टिअरिंग हलकं लागलं, तर पुढे वजन कमी आहे हे समजा. उन्हासाठी लावलेलं छत म्हणजे रोलबार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तरी ड्रायव्हरला वाचवणारी लोखंडी कमान, नव्हे. उतारावर काम करायचं तर खरा रोलबार आणि पट्टा पाहिजे, यात मी तरी तडजोड करणार नाही.

बाकी जुळणी रोटाव्हेटरसारखीच: अवजार धरणारे मागचे तीन दांडे (थ्री पॉइंट लिंकेज) आणि इंजिनची ताकद अवजाराला देणारा, मिनिटाला 540 फेऱ्यांचा मागचा फिरता दांडा (पीटीओ). लिंकेजच्या पिनची कॅटेगरी मात्र बघा. छोट्या ट्रॅक्टरला कॅटेगरी 1, मोठ्याला 2. पिन बारीक आणि भोक मोठं असेल तर बुश घाला, ढिली पिन तशीच चालवू नका.

विंच घेताना कुठे बोट ठेवायचं

ब्रेक आधी. क्लच सोडल्यावर ड्रम जागच्या जागी थांबला पाहिजे आणि भार धरून ठेवला पाहिजे. दुकानात हे दाखवायला सांगा, उतारावर वजन लटकवून. जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स आणि लोखंडी ड्रम जोडून स्वस्तात विंच करून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याला फक्त ब्रेक विचारा. बहुतेक बोलणं तिथेच संपतं.

मग खालचा पाटा. विंचच्या बुडाशी जाड पत्र्याचं रुंद पातं असतं, ते जमिनीत रुतून ट्रॅक्टरला धरून ठेवतं. मुरमाड, दगडी जमीन असेल तर पात्याची धार सरळ असण्यापेक्षा दाते असलेली चांगली. त्याच पात्यावर वरच्या कडेला साखळ्या अडकवायच्या खाचा असतात, त्या किती आहेत तेवढेच ओंडके एका खेपेला नेता येतात. ड्रायव्हरच्या पाठीमागे उभी लोखंडी जाळी असलीच पाहिजे. जाळी काढून विंच स्वस्तात देणाऱ्याला नमस्कार करा.

कप्प्या दोन असतात. वरची दोर रानातून आणताना वापरायची, कारण दोर जरा उंचावरून येतो आणि ओंडक्याचं नाक किंचित उचललं जातं. खालची ओंडका घसटत नेताना. काही स्वस्त मॉडेलांत एकच असते. जी असेल ती मोकळी फिरते का, तिच्या खाचेत दोराने चर पाडलेत का, हे बोट फिरवून बघा. सेकंड हँड विंचची खरी वयं अशीच कळतात.

क्लच दोन प्रकारचे. साधा दोरीचा: दोरी ओढली की ड्रम फिरतो, सोडली की थांबतो. दुसरा इलेक्ट्रो-हायड्रोलिक, रिमोटवर चालणारा, त्याला ट्रॅक्टरच्या 12 व्होल्ट बॅटरीतून करंट लागतो. रिमोटचा खरा फायदा ऐषारामाचा नाही. ओंडका सरकतो तसं त्याच्या बाजूने, अंतर राखून चालता येतं आणि अडकला की क्षणात थांबवता येतो. एकट्याने काम करणाऱ्याने पैसे इथे घालावेत. दोन माणसं असतील आणि रिपेअरिंगवाला 50 किलोमीटरवर असेल, तर दोरीचाच घ्या. त्यात बिघडण्यासारखं फार नाही.

आता दोर. लांबी 50-60 मीटर असली तर बहुतेक बागांना पुरते. जाडीच्या बाबतीत मात्र चूक महागात पडते. दोराची तुटण्याची ताकद विंचच्या ओढीच्या निदान दुप्पट हवी, म्हणजे 4 टनी विंचला 8 टन. बाजारात मिळणारा ताग-गाभ्याचा साधा 10 मिलिमीटरचा वायररोप साडेपाच ते सहा टनांना तुटतो. कंपनीचा मूळ दोरही 10 मिलिमीटरचाच दिसतो, पण तो दाबून घट्ट केलेल्या तारांचा असतो. तेव्हा “त्याच जाडीचा द्या” म्हणून दोर बदलू नका, दुकानदाराकडून तुटण्याची ताकद लिहून घ्या. स्टील-गाभ्याचा 12 मिलिमीटरचा दोर 9 टनांपर्यंत जातो, तो चालेल, फक्त ड्रमवर लांबी साधारण तीस टक्के कमी बसेल. सिंथेटिक दोर वजनाला अगदी हलका असतो, रानात ओढत नेताना जीव वाचतो. पण कातळ आणि जांभ्याच्या कडांवर तो घासून जातो, म्हणून आपल्या कोकणात मी तारेचाच सुचवीन.

याशिवाय 2 मीटरच्या चार-पाच फास-साखळ्या, एक उघडता येणारी कप्पी, झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा आणि चामड्याचे जाड हातमोजे. तुटलेल्या तारेचं टोक कापडी मोज्यातून आरपार जातं.

जोडणी

रोटाव्हेटरचा पीटीओ शाफ्ट विंचला लावायचा मोह होतो. आधी मोजा. विंच ट्रॅक्टरला जास्त चिकटून बसते, त्यामुळे तो शाफ्ट बहुधा लांब पडतो. लिफ्ट वर घेतली की तो आतून टेकतो आणि पीटीओचं बेअरिंग फोडतो. विंच लावा, इंजिन बंद ठेवून लिफ्ट सावकाश पूर्ण वर-खाली करा आणि सगळ्यात कमी अंतर कुठे येतं ते बघा. तिथेही दोन्ही नळ्यांना सरकायला थोडी जागा राहिली पाहिजे, आणि सगळ्यात जास्त अंतराला नळ्या एकमेकींत निदान एक-तृतीयांश राहिल्या पाहिजेत. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर आणि त्याची साखळी जागेवर हवी. धोतर, लुंगी, ओढणी, गळ्यातला टॉवेल विंचजवळ आणायचा नाही.

नवा दोर ड्रमवर भाराखाली गुंडाळायचा असतो. सपाट रस्त्यावर पूर्ण सोडा, टोकाला मध्यम ओंडका बांधा आणि सावकाश ओढा. हाताने सैल गुंडाळलेला दोर पहिल्या जोराला खालच्या थरांत घुसतो आणि तिथेच चेपला जातो. दोर सोडतानाही ड्रमवर शेवटचे तीन वेढे कायम ठेवा.

काम कसं करायचं

ट्रॅक्टर कुठे उभा करायचा, यात निम्मं काम असतं. आधी ओंडक्यापासून रस्त्यापर्यंत चालत या. वाटेतले खुंट, दगड, बांध, जपायची झाडं बघा. मग ट्रॅक्टर अशा जागी आणा, की ओंडका बरोबर त्याच्या पाठीमागे येईल. तिरकी ओढ ट्रॅक्टरला बाजूने खेचते, आणि ट्रॅक्टर मागे उलटण्यापेक्षा कडेला उलटणं जास्त सोपं असतं. ट्रॅक्टर उताराला आडवा कधीच उभा करायचा नाही. वर ट्रॅक्टर, खाली ओंडका ही मांडणी सगळ्यात चांगली, कारण जितकी ओढ लागते तितका पाटा रुततो. वरून खाली ओढलं तर ओंडका मध्येच सुटून ट्रॅक्टरवर येऊ शकतो, तेव्हा ते नवख्याने करूच नये.

जागा ठरली की पाटा जमिनीवर दाबून टेकवा. डावा-उजवा ब्रेक एकत्र लॉक करून पार्किंग ब्रेक लावा, गिअर न्यूट्रल. पुढच्या चाकांना दगड. सिंगल क्लचचा ट्रॅक्टर, म्हणजे चाकं आणि पीटीओ दोन्ही एकाच क्लचवर, असला तरी अडचण नाही, थांबवण्याचं काम विंचचा स्वतःचा क्लच करतो.

दोर ओढत खाली जा. तो मागून सुरळीत येतोय ना, हे मध्येमध्ये वळून बघा. ओंडक्याच्या टोकापासून हात-दीड हात मागे फास घाला. साखळी ओंडक्याखालून घालायला जागा नसेल तर पहारीने थोडी माती उकरा, हात खाली घालू नका. फांद्या पूर्ण साळलेल्या नसतील तर बुंधा पुढे ठेवून ओढा, म्हणजे राहिलेल्या फांद्या मागे दुमडतात. बुंध्याची खालची कड कोयत्याने किंवा चेनसॉने तिरकी छाटली की नाक मातीत रुतत नाही. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. समोरच खुंट असेल तर साखळीचा हूक अशा बाजूला ठेवा, की ओढ लागताच ओंडका खुंटापासून दूर लोळेल.

आता बाजूला व्हा. “बाजूला” म्हणजे दोराच्या रेषेपासून लांब, आणि उतारावर ओंडक्याच्या वरच्या अंगाला. दोर तुटला तर तो सापासारखा दोन्हीकडे फटकतो, म्हणून जितका दोर सोडलाय तितक्या अंतरात दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. बघायला जमलेली पोरं आणि कुत्री आधी घालवा. इशारा देणारा माणूस एकच, जो फास घालतो तो. थांबायचा इशारा मात्र कुणीही द्यावा आणि तो लगेच पाळावा.

पीटीओ कमी रेसवर चालू करा. सुरुवातीला फक्त ढील घ्या, दोर ताणला की थांबा. फास नीट बसला का, दोर कुठे झाडाला घासतो का, पाटा रुतला का, एवढं बघून मग ओढा. 540 फेऱ्यांना दोर सेकंदाला अर्धा-पाऊण मीटर येतो, हे दिसतं त्यापेक्षा वेगवान आहे. नवीन असाल तर निम्म्या रेसवर काम करा. ओंडका अडकला तर झटके द्यायचे नाहीत. थांबा, दोर सैल करा, जाऊन फासाची जागा बदला. ताणलेल्या दोराला हात लावणं, त्याच्यावरून ओलांडणं, ड्रमवर दोर हाताने बसवणं, हे तिन्ही बंद.

ओंडका पाट्यापर्यंत आला की साखळी पाट्याच्या खाचेत अडकवा, दोर सैल करा आणि लिफ्टने नाक थोडं उचला. फार उचललं तर पुढची चाकं हलकी होतात. एवढ्यावर लाकूड रानातल्या वाटेने ढिगापर्यंत न्यायचं. डांबरी रस्त्यावरून घसटत न्यायचं नाही, तिथून पुढे ट्रॉली.

कप्पी लावून दिशा बदलताना

सरळ रेष मिळत नसेल तर वाटेत एखाद्या दणकट झाडाला रुंद पट्टा बांधून त्यात कप्पी लावतात. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. दोर काटकोनात वळला तर त्या झाडावर ओढीच्या जवळजवळ दीडपट जोर येतो, आणि दोर पूर्ण उलटा फिरवला तर दुप्पट. 3 टनांची ओढ, झाडावर 6 टन. म्हणून पट्टा जमिनीलगत बांधायचा आणि झाड मुळाने भक्कम आहे याची खात्री करायची. नारळ-सुपारीला कप्पी बांधू नका. दोराच्या दोन हातांमध्ये जो कोन तयार होतो, त्याच्या आतल्या बाजूला माणूस उभा राहता कामा नये. कप्पी सुटली तर ती आणि दोर दोन्ही त्याच बाजूला येतात.

हीच कप्पी ओंडक्याला बांधून दोराचं टोक वर ट्रॅक्टरजवळच्या भक्कम झाडाला अडकवलं, तर ओढ दुप्पट होते आणि वेग निम्मा. एखाद्याच जड ओंडक्यासाठी मोठी विंच घेण्यापेक्षा हा उपाय कितीतरी स्वस्त आहे.

मुळासकट पडलेलं झाड

वादळात उपटलेल्या झाडाचा मुळांचा गड्डा उभा राहिलेला असतो आणि त्याच्यामागे खड्डा. बुंधा कापला की गड्डा एकदम परत खड्ड्यात बसू शकतो, किंवा कापणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. कापण्याआधी विंचचा दोर गड्ड्याच्या वरच्या भागाला बांधून हलका ताण द्या आणि कापून झाल्यावर तो सावकाश जागेवर बसवा. खड्ड्यात कुणी उतरलेलं नाही हे प्रत्येक वेळी बघा. अंगणातल्या पडलेल्या आंब्याभोवती लहान मुलं असतातच. दुसऱ्या झाडात अडकून लटकलेलं झाड बुंध्याकडून मागे ओढून सोडवतात, पण दोर झाडाच्या उंचीच्या दीडपट तरी लांब ठेवून. एवढा दोर नसेल तर त्या दिवशी ते झाड तसंच राहू द्या आणि आजूबाजूला दोरी बांधून वाट बंद करा.

दोराची निगा

आठवड्यातून एकदा दोर पूर्ण उलगडून जुन्या कापडाने पुसत चला. कापड जिथे अडकेल तिथे तार तुटलेली आहे. एकाच जागी बऱ्याच तारा तुटलेल्या, दोर चपटा झालेला, पीळ उलटून पिंजऱ्यासारखा फुगलेला किंवा गाभा बाहेर आलेला दिसला, तर तेवढा भाग कापून टाका आणि टोकाला नवा लूप प्रेस करून घ्या. गाठ मारून दोर वापरू नका, गाठीवर त्याची निम्मी ताकद जाते. पावसाळ्याच्या तोंडावर दोराला वायररोपचं ग्रीस द्या. इंजिनचं जळकं ऑइल नको, त्यात बारीक धातूकण असतात आणि माती चिकटते. ड्रमची चेन आणि बेअरिंग यांना ग्रीस द्या, पण ब्रेकच्या पट्ट्याला तेलाचा थेंब लागू देऊ नका. हंगाम संपला की विंच शेडमध्ये फळीवर टेकवून ठेवा आणि पीटीओ शाफ्ट काढून वेगळा आडवा ठेवा.